तिसऱ्यांदा तीच मांडणी

४ जानेवारी

एकोणीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात मीटरचे आकडे जुळवणारे प्रोग्राम लिहिले. काल राजीनामा मंजूर झाला आणि आज सकाळी मी माझ्याच जेवणाच्या टेबलावर ऑफिस थाटलं. एका टोकाला कॉम्प्युटर, दुसऱ्या टोकाला आमचा पट. दिसायला साधा बुद्धिबळाचा पट, पण प्रत्येक मोहऱ्याच्या तळाला एक चकती आहे आणि पटाखाली तारांचं जाळं. कोण कुठल्या घरात उभं आहे हे त्याला कळतं. तारा नवऱ्याने जोडल्यात. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याचा हात तारांवर बसलेला आहे. अक्कल मात्र माझी.

हा पट डाव आपोआप लिहून घेतो, आणि तीच मांडणी तिसऱ्यांदा आली की पंचाला सांगतो. तिसऱ्यांदा आली की ज्याची पाळी असेल तो बरोबरी मागू शकतो, असा नियम आहे. आजवर पंच हे कागदावरून चाली परत खेळून मोजत आले. अर्धा तास जातो, भांडणं होतात. माझं यंत्र डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगेल.

बुद्धिबळ संघटनेच्या सचिवांनी सांगितलंय की मार्चच्या निवड स्पर्धेत एकदा वापरून बघू. चांगलं चाललं तर सगळ्या स्पर्धांना आमचेच पट. चालणारच. न चालायला काय झालं?

९ जानेवारी

सासूबाई दुपारी शेजारी येऊन बसल्या. आईंना बुद्धिबळ चांगलं येतं. बाबा गेल्यापासून नऊ वर्षांत पटाला हात लावला नव्हता एवढंच. म्हणाल्या, "मांडणी तीच आहे हे यंत्राला कसं कळतं गं? चौसष्ट घरं एकेक करून बघतं का?"

मी समजावलं. प्रत्येक मोहऱ्याला प्रत्येक घरासाठी एक लांबलचक आकडा ठरवून दिलाय, कसाही, चिठ्ठी उचलल्यासारखा. पटावर जे जे उभे आहेत त्यांचे आकडे एकमेकांत कालवायचे की एकच आकडा तयार होतो, ती त्या मांडणीची खूण. मोहरा उठला की त्याचा आकडा पुन्हा एकदा कालवायचा, की तो आपोआप बाहेर पडतो. मग नव्या घराचा आकडा कालवायचा. खूण जुळली की मांडणी तीच.

"म्हणजे चहात घातलेली साखर परत काढता येते म्हण की!"

"या चहात येते."

"आणि दोन वेगळ्याच मांडण्यांची खूण एक निघाली तर?"

"आई, तसं व्हायला आपल्या दोघींचं आयुष्य पुरायचं नाही."

"माझं तर नाहीच पुरायचं," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला आणि घोडा पुढे काढला. यंत्राने बरोबर टिपला. फुकटात परीक्षक मिळाला मला.

१७ जानेवारी

आज पंच आले. सचिवांनीच पाठवले, यंत्र तपासायला. सत्तरीच्या आसपासचे, चाळीस वर्षं पंचगिरी केलेले, विधुर. सगळे त्यांना पंचकाका म्हणतात. तीन जिने चढून आले तेव्हा गुडघ्यावर हात ठेवून पाच मिनिटं बोलले नाहीत. आईंनी पाणी दिलं. मला आधीच अंदाज होता: ज्याचं काम यंत्र करणार, तो यंत्रात खोड काढायलाच येणार.

काढलीच. आईंना समोर बसवलं आणि खेळता खेळता एका जागी आपला हत्ती एक घर हलवला, पुढच्या चालीला परत आणला. आईही घोडा पुढे नेऊन मागे आणत राहिल्या. दोन फेऱ्यांनंतर यंत्राने घंटी वाजवली: तिसरी वेळ.

"चूक," काका म्हणाले.

"मांडणी तीच आहे काका. बघा ना, मोहरे तेच, घरं तीच, पाळी तुमचीच."

"पहिल्या वेळी मी कॅसलिंग करू शकत होतो. राजा दोन घरं सरकवायचा, हत्ती त्याच्यावरून पलीकडे आणायचा. पण एकदा हत्ती हलला की तो हक्क गेला. परत जागेवर आणून उभा केला म्हणून हक्क परत येत नाही. मग पहिली मांडणी आणि आताची मांडणी एक कशी? तीनदा नाही, दोनदाच झाली."

फोटो काढला असता तर तिन्ही फोटो सारखे आले असते.

आई म्हणाल्या, "दिसायला सगळं जागेवर असतं, पण काय काय करता येत नाही ते आपलं आपल्याला माहीत असतं." काका त्यांच्याकडे बघत राहिले. बहुतेक त्यांना आईंचा बुद्धिबळाचा अभ्यास बघून आश्चर्य वाटलं असावं.

२० जानेवारी

झालं दुरुस्त. दोन्ही बाजूंचे कॅसलिंगचे मिळून चार हक्क, चारांना चार वेगळे आकडे. हक्क आहे तोवर आकडा कालवलेला, गेला की बाहेर. पाळी कोणाची यालाही आकडा होताच. शिवाय नियमांचं पुस्तक नीट वाचून एन पासांही घातलं. ती बुद्धिबळातली सगळ्यात विचित्र चाल: एखादं प्यादं दोन घरं उडी मारून आलं आणि शेजारी शत्रूचं प्यादं असलं, तर ते त्याला मारू शकतं, जणू ते एकच घर आलं होतं. पण लगेच पुढच्याच चालीला, नंतर नाही. म्हणजे हाही एक हक्कच, एका चालीपुरता. मी प्रत्येक उडीवर खूण मारून ठेवली.

काकांना फोन केला. म्हणाले, "येतो बघायला." म्हटलं, जिने चढायला नकोत, मी फोटो पाठवते. "नाही नाही, असं कसं, येतो." कर्तव्याला पक्के आहेत, हे कबूल करावं लागेल.

११ फेब्रुवारी

काका आता आठवड्यातून तीनदा येतात. शर्टाला इस्त्री असते. आईंनी वही केलीय यंत्राच्या तक्रारींची. आजची तक्रार मात्र खरी निघाली.

"माझं प्यादं दोन घरं पुढे गेलं," आई म्हणाल्या, "आणि त्या मांडणीला तुझं यंत्र वेगळी म्हणतंय. का?"

"एन पासांची शक्यता म्हणून."

"अगं, शेजारी चिटपाखरू नाही! मारणार कोण त्याला? उगाच कशाला घाबरतंय?"

खरंच की. उडी मारली म्हणजे मारलं जाईलच असं नाही. शेजारी शत्रूचं प्यादं असेल तरच. आधी माझं यंत्र भोळं होतं, आता संशयी झालं होतं. संध्याकाळपर्यंत बदल केला: शेजारी प्यादं असेल तरच खूण. दोन चुका होत्या, दोन्ही निघाल्या. आता हे अभेद्य आहे.

१९ फेब्रुवारी

गेल्या पाच डावांत पाचही बरोबरी, आणि पाचही तीच मांडणी तिसऱ्यांदा येऊन! एवढी चाचणी मी पैसे देऊनही करून घेऊ शकले नसते. दोघं तासन् तास हत्ती पुढे, हत्ती मागे.

आज मात्र मला राहवलं नाही. डाव झाल्यावर म्हटलं, "आई, इथे वजीर खाली आणला असतात तर दोन चालींत मात होती."

"दिसली होती गं."

"मग?"

"मग डाव संपला असता ना."

चाचणीसाठी केवढी ही निष्ठा! रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो घास तोंडात धरून माझ्याकडे बघत बसला, मग म्हणाला, "तू हुशार आहेस हं फार." त्याच्याकडून असं सहसा ऐकायला मिळत नाही.

२६ फेब्रुवारी

आमच्या इमारतीची लिफ्ट आठ वर्षं बंद होती. लिफ्टवाल्याच्याच इमारतीत! सगळे टोमणे मारायचे, नवऱ्याच्या अंगावरची माशी हलायची नाही. गेले दोन रविवार तो तिच्याच मागे होता आणि आज ती चालू झाली. मी म्हटलं, बरं झालं, स्पर्धेला बारा पट खाली न्यायचेत. तो "हं" म्हणाला.

आणि काका आज आईंना चुकून "तुझी चाल" म्हणाले. एरवी किती अदबीने अहो-जाहो करतात. वय झालं की होतं असं. मी ऐकलं नाहीसं दाखवलं.

५ मार्च

प्रामाणिकपणे लिहायचं म्हणून ही वही, तर लिहिते. काकांनी आज निघताना दारात विचारलं, "शेजारी प्यादं असेल तर खूण मारतेस ना? पण त्याला खरंच मारता येतंय, हे बघतेस का?"

"शेजारी आहे म्हणजे येणारच की."

"बघ हं. एकदा विचार कर."

मी हो म्हटलं आणि केला नाही. ते बघायचं तर यंत्राला दर वेळी ती चाल मनात खेळून बघावी लागेल. आणि अडचण होणार कितीदा? लाखात एकदा. स्पर्धेला नऊ दिवस राहिलेत, दोन पटांच्या तारा अजून जोडायच्यात. चालत्या गाडीला खीळ कोण घालणार? शिवाय काकांना काहीतरी राहिलंय असं नेहमीच वाटतं. तसं वाटलं नाही तर त्यांना इथे यायला कारण काय उरेल!

१४ मार्च

स्पर्धेचा पहिला दिवस. नगर वाचनालयाचं वरचं सभागृह, बारा टेबलं, बारा पट, कोपऱ्यात पडद्यामागे मी आणि माझा कॉम्प्युटर. चार फेऱ्या झाल्या. सात वेळा बरोबरीचा दावा आला, सातही वेळा काकांनी कागदावरून पडताळला, सातही वेळा यंत्र बरोबर. सातव्या वेळी सचिव माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, करार टाइप करायला दिलाय." मी खुर्चीत अशी बसले की खुर्चीलाही कळावं.

१६ मार्च

आजचं सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते.

शेवटची फेरी, पहिला पट. पांढरे मोहरे टपाल खात्यातल्या एका बाईंचे, सगळे त्यांना टपालताई म्हणतात. पत्रं वाटून झाल्यावर सायकल सभागृहाखाली लावून येतात, अंगावर अजून खाकी असते. त्यांना अर्धा गुण मिळाला की निवड पक्की. सोळा वर्षांत पहिल्यांदा. काळे मोहरे दंतवैद्यांचे, चार वेळचे विजेते. डाव त्यांच्या बाजूने झुकलेला, पण घड्याळात वेळ कमी. प्रत्येक चालीमागे घड्याळात थोडे सेकंद वाढतात, ते साठवायला ते हत्ती मागे-पुढे करत होते.

टपालताईंनी घड्याळ थांबवलं. "तिसरी वेळ. मी बरोबरी मागते."

दंतवैद्य शांतपणे म्हणाले, "दोनदा. मी मोजून खेळलोय. पहिल्या वेळी एन पासां शक्य होतं, ती मांडणी वेगळी."

सगळ्या सभागृहाची मान माझ्याकडे वळली. कॉम्प्युटरवर आकडा होता: दोन. कारणही तेच, एन पासां. मी छाती पुढे काढून म्हटलं, "यंत्र म्हणतं दोनदा."

टपालताईंचा चेहरा उतरला. दावा फेटाळला गेला तर डाव पुढे चालणार, आणि पुढे तो हरणार हे तिथल्या भिंतींनाही दिसत होतं.

काकांनी डाव लिहिलेला कागद मागवला. बाजूच्या टेबलावर साधा लाकडी पट मांडला आणि कागदावरून डाव पहिल्यापासून खेळत आले. पंचवीस मिनिटं. मी मनात म्हणत होते, सात वेळा झालं, आता आठव्यांदा. मग ते थांबले आणि मला बोटाने बोलावलं.

"ही पहिली वेळ. काळं प्यादं दोन घरं उडी मारून तुझ्या पांढऱ्या प्याद्याशेजारी आलं. यंत्र म्हणतं मारता येतं. मार."

"मी?"

"हो, तूच. मारून दाखव."

मी पांढरं प्यादं उचललं, तिरकं पुढे ठेवलं, काळं प्यादं पटाबाहेर काढलं. आणि माझा हात तिथेच थांबला. ज्या उभ्या ओळीतून मी प्यादं काढलं ती आता वरपासून खालपर्यंत मोकळी होती. वर काळा हत्ती. खाली पांढरा राजा. मध्ये कोणी नाही.

"राजा कुठे आहे?"

"शहात."

"आपल्याच चालीने आपला राजा शहात टाकता येतो का?"

"नाही."

"म्हणजे मारता येत नव्हतंच. कोणाच्याच हातात तो हक्क नव्हता, एका क्षणासाठीसुद्धा. तिन्ही वेळा मांडणी तीच."

दंतवैद्य वाकून बघत होते. त्यांच्या तोंडातून "अरे देवा" एवढंच आलं.

सचिवांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, हे काय समजायचं?"

आता खरं लिहिते. माझ्या तोंडात तयार वाक्य आलं होतं: तार सैल झाली असेल. कोणालाही पटलं असतं. करार टाइप झालेला होता. समोर आई बसल्या होत्या, त्या माझ्याकडे नव्हे, काकांकडे बघत होत्या. आणि काका पटाकडे. मला कोणीही अडवत नव्हतं.

"तारा ठीक आहेत," मी म्हटलं. "चूक माझी आहे. काकांनी मला अकरा दिवसांपूर्वी विचारलं होतं आणि मी बघितलं नाही. मांडणी तिसऱ्यांदा आलीय. ताईंचा दावा बरोबर आहे."

बरोबरी जाहीर झाली. टपालताई आधी हसल्या, मग एकदम खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडल्या. दंतवैद्यांनी त्यांचं अभिनंदन केलं आणि माझ्याजवळून जाताना म्हणाले, "आपण दोघं एकाच खड्ड्यात पडलो. पण तुम्ही आधी बाहेर आलात."

सचिव करार न देताच गेले.

१८ मार्च

सगळं दुरुस्त. आता यंत्र आधी ती चाल मनात खेळून बघतं. राजा शहात जात असेल तर खूण नाही. वेळ किती वाढला? मोजता येत नाही इतका कमी. अकरा दिवस मी या एवढ्यासाठी घाबरले होते.

दुपारी सचिवांचा फोन. काकांनी पंच म्हणून अहवाल दिलाय. सचिवांनी तो वाचून दाखवला: "यंत्र घ्यावे. आठपैकी सात निकाल अचूक. आठव्या वेळी यंत्र चुकले व यंत्र करणारीने एका मिनिटात कबूल केले. माझ्या चाळीस वर्षांत असे करणारा माणूस मला क्वचितच भेटला. अट एकच: यंत्राने मोजावे, निकाल पंचाने द्यावा."

करार उद्या. मी काकांना काय काय समजत होते, ते मागच्या पानांवर लिहिलंय. खोडणार नाही.

२९ मार्च

आज काका आणि आई एकत्रच माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. मी पेन उघडलं. "बोला, कुठल्या मांडणीत गडबड आहे?"

"गडबड नाही गं," आई म्हणाल्या. "आम्ही दोघांनी ठरवलंय, एकत्र राहायचं."

"हो ना, चाचणी चालूच ठेवायची आहे, काकांनी रोज यावं—"

मागे नवरा खोकला. काकांचे कान लाल झाले होते. आईंनी माझ्या हातातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. "लग्न करतोय आम्ही."

मी त्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं. तिघांपैकी एकालाही आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं. मीटरचे आकडे एकोणीस वर्षं जुळवणारी बाई मी!

मग नवऱ्याकडे बघायची भीती वाटली. बाबांचा फोटो त्याच्याच पाठीमागे होता. त्याने वळून फोटोकडे बघितलं. मग काकांना म्हणाला, "आई रात्री दिवा लावून झोपते. बाबा गेल्यापासून. तुम्हाला चालेल?"

"माझाही चालूच असतो," काका म्हणाले.

"मग हरकत नाही," नवरा म्हणाला आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. आई त्याच्यामागे गेल्या. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते, पण चहाचे चार कप घेऊन आला.

काकांचं घर इथून दोन गल्ल्या पलीकडे. आई तिकडे जाणार. सगळं चांगलंच आहे. तरी संध्याकाळी त्यांच्या खोलीच्या दारातून जाताना मी थांबले आणि त्यांची तक्रारींची वही पहिल्यापासून वाचत बसले. आनंदच आहे तो, दुसरं काही नाही. आणि असलं तरी चालेल.

५ मे

विवाह नोंदणी कार्यालय, तळमजला, तिसरी खिडकी. आईंची मोतिया रंगाची साडी, काकांचा नवा कोट, बाहीवर दुकानाचं लेबल तसंच. ते मी कात्रीने काढलं. टपालताई तिसऱ्या साक्षीदार म्हणून सुट्टी टाकून आल्या होत्या. काका सही करताना थांबले, कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. आई म्हणाल्या, "अहो पंच, आता तरी निकाल द्या!" सगळं कार्यालय हसलं.

मग लिपिकाने रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. वर न बघताच विचारलं, "साक्षीदाराचं वधूशी नातं?"

"सून," मी म्हटलं.

त्याचं पेन थांबलं. त्याने पहिल्यांदाच मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आईंकडे बघितलं.

"वधूची सून?"

"हो," मी म्हटलं. "लिहा बिनधास्त, तपासून सांगतेय."